केमोनंतर स्पर्धेचं ब्रिज: उठायचं कधी ते आधी ठरवा

विचारणाऱ्या बाईंचं म्हणणं थोडक्यात असं. वय ५४. स्तनाचा कर्करोग, डाव्या बाजूची शस्त्रक्रिया, काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो, शेवटी रेडिएशन. ते संपून महिना झाला. आता रोज लेट्रोझोलची (हार्मोन रोखणारी) गोळी चालू आहे आणि बोटांची टोकं अजून बधिर आहेत. आजाराआधी बरीच वर्षं जिल्हा आणि राज्य पातळीवर ब्रिज खेळत होत्या. सध्या घरी बसून बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर) खेळतात. "पहिले आठ-दहा बोर्ड (म्हणजे डाव) बरे जातात, नंतर कुठली पानं पडून गेली तेच आठवत नाही. परवा मैत्रिणींबरोबर बसले तर हातात चौकट असून किलवर टाकलं." जुन्या पार्टनरचा फोन आलाय: दोन महिन्यांनी परगावी राज्य स्पर्धा, तीन दिवस, पेअर्स (जोडीने) आणि टीम्स (संघाने) दोन्ही. घरचे म्हणतात, एवढ्यातून उठली आहेस, पत्ते कुटायला कशाला धावतेस. आणि शेवटी प्रश्न: माझी स्मरणशक्ती कायमची गेली का, आणि मी खेळावं की नाही?

मी डॉक्टर नाही. पुण्यात ब्रिज शिकवतो, स्पर्धांना डायरेक्टर, म्हणजे पंच म्हणून उभा असतो, आणि काही वर्षांपूर्वी लिंफोमासाठी आर-चॉप ही केमो घेऊन पुन्हा टेबलावर आलेला आहे. बायपास, केमो, डायलिसिस अशा सगळ्या वळणांवरून परत आलेले खेळाडू माझ्यासमोर बसलेत. औषधांबद्दल जे लिहितोय ते तुमच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. खेळाबद्दलचं माझ्यावर सोडा.

आधी तुमचाच प्रश्न परत वाचू. तुम्ही लिहिलंय, पहिले आठ-दहा बोर्ड बरे जातात. स्मरणशक्तीच गेली असती तर पहिल्या बोर्डालाही गेली असती. तुमची पानं विसरली जातात ती 'नंतर'. एका बोर्डाला साधारण साडेसात मिनिटं धरली तर दहा बोर्ड म्हणजे सव्वा तास. सव्वा तासानंतर तुमचं इंधन संपतं, आणि इंधन संपल्यावर सगळ्यात आधी जातं ते मोजणं. हा थकवा आहे. कर्करोगाच्या उपचारांनंतरचा थकवा झोप काढून जात नाही. सकाळी ताजं वाटतं आणि दुपारी कुणीतरी बटण बंद केल्यासारखं होतं. त्याच्या जोडीला ज्याला 'केमो ब्रेन' म्हणतात ते मांद्यही असतं: शब्द ओठावर येऊन अडतात, दोन गोष्टी एकदम धरता येत नाहीत. बहुतेकांचं ते काही महिन्यांत निवळत जातं, काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात, थोड्यांना त्याहून जास्त. रेडिएशन संपून एक महिना झालेला असताना 'कायमचं गेलं का' हे कुणीच सांगू शकत नाही. तुम्ही तर नाहीच, कारण तुम्ही ते बीबीओच्या स्कोअरवरून ठरवताय.

त्यापेक्षा एक वही करा. रोज खेळाल तेव्हा फक्त दोन गोष्टी लिहा: चूक कितव्या बोर्डाला झाली आणि कसली झाली. स्कोअर लिहू नका. दोन-तीन आठवड्यांत चित्र दिसतं. चुका दहाव्या-बाराव्या बोर्डाच्या पुढेच गोळा होत असतील तर तो दम कमी पडण्याचा प्रश्न आहे, आणि दम वाढवता येतो. चुका पहिल्यापासून सारख्या विखुरलेल्या असतील, किंवा बोर्डांची संख्या तीच असून आठवड्यागणिक वाढत असतील, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, झोप, मन खचलेलं असणं, यांतलं काहीही मागे असू शकतं, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. "हल्ली लक्ष लागत नाही" असं सांगितलं तर डॉक्टर "होतं असं" म्हणतात. "चौथ्या बोर्डाला हुकूम मोजायला विसरले, रोज" असं दाखवलं तर ते तपासण्या लिहून देतात.

डॉक्टरांना विचारायची पद्धतही महत्त्वाची. "मी ब्रिज खेळू का?" असं विचारलंत तर ते हसून "हो हो, जरूर, मन रमेल" म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर दिवाणखाना, चहाचे कप आणि चार मैत्रिणी असतात. तुम्ही विचारा: "तीन दिवस, रोज सात-आठ तास बसायचं, बंद एसी हॉल, शंभरभर माणसं, परगावचं हॉटेल, प्रवास. झेपेल का? रक्ताचे आकडे कसे आहेत? डाव्या हाताची काय काळजी घेऊ?" डुप्लिकेट ब्रिजमध्ये तीच पानं बोर्डातून टेबलाटेबलांवर फिरतात, दिवसभरात अनेकांचे हात त्यांना लागतात, हेही सांगा, बाहेरच्या माणसाला ते माहीत नसतं. तुमची केमो संपलीय, त्यामुळे पांढऱ्या पेशी सावरल्या असण्याची शक्यता आहे, पण ते रिपोर्ट बघणाऱ्याने सांगायचं. हे वाचणाऱ्या ज्यांची केमो अजून चालूच आहे त्यांच्यासाठी एवढंच: डोस दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पेशी तळाला जातात, त्या दिवसांत गर्दीत जाऊन बसू नका, आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर डाव अर्धा टाकून सरळ हॉस्पिटल गाठा.

आता खरा तिढा. ब्रिज एकट्याचा खेळ असता तर मी तुम्हाला "जा, दमलात की उठा" म्हटलं असतं. पण इथे भिडू असतो. तुम्ही दमलात की निकाल त्याचाही जातो, आणि तुम्हाला ते माहीत असतं, म्हणून तुम्ही दमल्याचं सांगत नाही, रेटत राहता, आणखी चुकता, घरी जाऊन रडता. आजारातून आलेले जे खेळाडू ब्रिज सोडून गेले ते विसरभोळेपणापायी गेले असं मी फारसं पाहिलं नाही. गेले ते या संकोचापायी. म्हणून माझं उत्तर 'खेळा' किंवा 'खेळू नका' असं नाही. मधे कसं उठायचं ते आधी ठरवा, ते ठरलं की एंट्री भरा. ठरत नसेल तर या खेपेला भरू नका.

उठण्याची सोय स्पर्धेच्या प्रकारावर अवलंबून असते. पेअर्समध्ये दोघांचीच जोडी. सत्र २४ बोर्डांच्या आसपास, म्हणजे तीन तास, आणि असली दोन सत्रं एका दिवसात. मधून उठलात तर पार्टनर उघडा पडतो आणि समोरच्या जोड्यांनाही बसून राहावं लागतं. बदली खेळाडू चालेल की नाही हे डायरेक्टर आणि स्पर्धेच्या अटी ठरवतात. टीम्समध्ये मात्र टेबलावर चौघं खेळतात आणि बहुतेक स्पर्धांत संघात सहा जणांपर्यंत नावं देता येतात. सहांचा संघ असेल तर एक सेगमेंट (सामन्याचा एक टप्पा) तुम्ही खेळायचा, पुढचा दुसऱ्या जोडीने. तुम्ही त्या वेळात आडव्या पडलात तरी कुणाचं काही अडत नाही. तेव्हा पार्टनरला सांगा, पेअर्स या वर्षी नको. टीम्समध्ये सहाव्या-पाचव्या जागा भरून संघ बांध. चार जणांचाच संघ असेल तर नाही म्हणा. हे मी फार ठामपणे सांगतोय, कारण चार जणांच्या संघात "जमेल तेवढं खेळ" या वाक्याला काही अर्थ नसतो.

पार्टनरला फोनवर काय बोलायचं तेही लिहून देतो, कारण तिथेच माणसं अडखळतात. "मला खेळायचंय. एका दिवसात दोन सेगमेंट, त्याहून जास्त नाही. मी 'बास' म्हटलं की कारण विचारायचं नाही आणि 'अजून एकच' म्हणायचं नाही. आणि टेबलावर मला सांभाळून घेतल्यासारखं खेळायचं नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. बरा पार्टनर तुमची काळजी म्हणून सगळे नो-ट्रम्प (बिनहुकमी डाव) आपल्याकडे ओढायला लागतो, तुम्हाला डमी (पानं टेबलावर मांडून गप्प बसणारा भिडू) करत सुटतो, आणि बोलीचा पार विचका होतो.

दोन महिन्यांत दम कसा वाढवायचा? ब्रिजमध्ये तीन वेगळी ओझी एकदम येतात. एक, ताठ बसून राहणं. दोन, मोजणं आणि आठवणं. तीन, समोर माणसं, घड्याळ आणि निकाल. एका वेळी एकच वाढवा. सध्या रोबोंबरोबर आठ बोर्ड खेळा, तेही दिवसाच्या ज्या वेळी तुम्हाला तरतरी असते तेव्हा. रात्री जेवणानंतर मोबाइलवर लोळत खेळलेले बोर्ड धरू नका. आठ बिनचूक जायला लागले (बिनचूक म्हणजे मोजणी न सुटलेले, बोलीत कबूल केलेलं कॉन्ट्रॅक्ट बुडालं तरी चालेल) की दहा, मग बारा. बारानंतर संख्या वाढवू नका, माणसं आणा: पार्टनरबरोबर ऑनलाइन आठ. मग क्लबातलं आठवड्याचं सत्र, अर्धंच, डायरेक्टरला आधी सांगून. आम्ही कुणाला तरी हाताशी ठेवतो, त्यात उपकार काही नसतात. बीबीओला एक खोट आहे ती लक्षात ठेवा. तिथे मागची ट्रिक (चौघांनी टाकलेली चार पानं) बघता येते आणि रंगाचं पान असताना दुसरं टाकताच येत नाही. त्यामुळे तिथे सोळा बोर्ड जमले म्हणजे टेबलावर सोळा जमतील असं नाही. खऱ्या पानांनी दोन-तीनदा तरी बसल्याशिवाय परगावचं तिकीट काढू नका.

आणि सकाळी चालायला जा. मला स्वतःला ब्रिजच्या सरावाने जेवढं मिळालं त्यापेक्षा रोजच्या चालण्याने जास्त मिळालं. कर्करोगानंतरच्या थकव्यावर हलका नियमित व्यायाम उपयोगी पडतो हे डॉक्टरही सांगतात. ब्रिजने मेंदू तल्लख होतो वगैरे मी शिकवताना ऐकत असतो. विद्यार्थी येतात म्हणून मी त्याला विरोध करत नाही, पण उपचार म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

आता मोजण्याबद्दल, कारण तुमची भीती तिथे आहे. ५२ पानं कुणीच लक्षात ठेवत नाही. तुम्हीही पूर्वी ठेवत नव्हतात, तेव्हा ते आपोआप होत होतं इतकंच. आता ते मुद्दाम करावं लागेल, म्हणून कमी करा. पडलेली पानं मोजू नका, बाहेर राहिलेली मोजा. तुम्ही डिक्लेअरर (बोली जिंकून डाव खेळणारा) आहात, तुमच्या आणि डमीच्या हातांत मिळून आठ हुकूम. बाहेर पाच. मनात म्हणा 'पाच'. पहिल्या फेरीला दोघांनी दिलं: 'तीन'. दुसऱ्या फेरीला दोघांनी दिलं: 'एक'. पाच, तीन, एक, संपलं. बाहेरचे पाच ३-२ असे वाटले जाण्याची शक्यता ६८ टक्के असते, म्हणजे तीनात दोनदा तुम्हाला एवढंच म्हणायचंय. त्यानंतर आणखी एकच रंग निवडा, ज्यावर तो डाव ठरणार आहे. बाकीचे दोन रंग सोडून द्या. पूर्वीच्या तुम्ही हे ऐकून नाक मुरडाल. मुरडा, पण दोन रंग नीट मोजणारा चार रंग अर्धवट मोजणाऱ्याला सहसा हरवतो.

डिफेन्स, म्हणजे समोरच्यांचा डाव अडवणं, जास्त दमवतो, आणि सरासरीने निम्मे बोर्ड डिफेन्सचेच येतात. तिथे बोलीवर भर द्या. समोरच्याने १५-१७ गुणांचा एक नो-ट्रम्प उघडला असेल तर कुठल्याही रंगात त्याच्याकडे बहुधा दोन तरी पानं आहेत, एवढं धरून बसलं की अर्धी मोजणी वाचते. उरलेल्या निम्म्यातले अर्धे तुम्ही डिक्लेअरर, अर्धे डमी. डमी असताना पार्टनरचा खेळ बघू नका. खरंच. पानं मांडली, पार्टनर सांगेल ते पान दिलं, आणि मन रिकामं. २४ बोर्डांत सहाएक वेळा ही विश्रांती मिळते आणि बहुतेक लोक ती पार्टनरची फिनेस मनातल्या मनात खेळून वाया घालवतात.

नियम तुमच्या बाजूने आहेत ते वापरा. संकोचापायी लोक वापरत नाहीत. ट्रिक पूर्ण झाली की तुमचं पान लगेच उलटं करू नका. जोवर तुमचं पान सुलटं आहे आणि तुमच्या बाजूने पुढच्या ट्रिकला पान टाकलेलं नाही, तोवर ती चारही पानं पुन्हा दाखवा असं तुम्ही म्हणू शकता. एका क्षणाचा उशीर, पण कोणतं पान पडलं ते डोक्यात शिरायला तेवढाच वेळ लागतो. बोली पुन्हा ऐकवा असं तुमच्या बोलीच्या पाळीला विचारता येतं, आणि डिफेंडर म्हणून तुमच्या पहिल्या पानाच्या वेळीही. बोलीची कार्डं असलेल्या बिडिंग बॉक्समधून बधिर बोटांनी भलतंच कार्ड निघालं तर, ती निव्वळ हाताची चूक असेल आणि पार्टनरने अजून बोली दिली नसेल, तर न थांबता, विचार न करता 'हे नव्हतं काढायचं' म्हणून बदल मागता येतो. विचार करून बदललेलं चालत नाही, डायरेक्टर बोलवा. आणि ते चौकटीचं प्रकरण: पार्टनरशी ठरवून घ्या की तुम्ही डिक्लेअरर असताना रंग दिला नाहीत की डमीने दर वेळी न चुकता विचारायचं, 'चौकट नाही?' तसा हक्क डमीला आहे. पुढच्या ट्रिकला तुमच्या बाजूने पान पडायच्या आत चूक लक्षात आली तर ती सुधारता येते. पडल्यावर एक किंवा दोन ट्रिक जातात. मात्र स्वतःचं सिस्टिम कार्ड (जोडीच्या बोलीच्या संकेतांचं पत्रक) किंवा हातावर लिहिलेली टाचणं बोली आणि खेळ चालू असताना बघता येत नाहीत. ते कार्ड समोरच्यांनी बघायचं असतं.

म्हणूनच सिस्टिम छाटा. तुम्ही दोघं बरंच काही खेळत असाल. आता बोलीचे एवढेच संकेत: पाच पानी मेजर, १५-१७ नो-ट्रम्प, स्टेमन, ट्रान्सफर, ब्लॅकवुड, टेकआउट डबल, बास. बाकी कन्व्हेन्शन आठवताना जो पाच-सात सेकंदांचा विराम पडतो त्याचा दुहेरी तोटा आहे. तुमची शक्ती जाते, आणि तुमच्या थांबण्यावरून पार्टनरला काही कळलं तर ते त्याला वापरता येत नाही. दमलेल्या खेळाडूची लय वेडीवाकडी होते, प्रामाणिकपणेच होते, पण समोरची जोडी डायरेक्टरला बोलावते आणि मग टेबलावर जो ताण येतो तो तुम्हाला या घडीला परवडणारा नाही. सोपी सिस्टिम असली की लय सारखी राहते.

हात आणि बसणं. केमोनंतर माझीही बोटं बधिर होती. पंख्यासारखी धरलेली तेरा पानं, त्यातून एक उपसायचं, तर दोन चिकटून यायची आणि मला अंगठ्याला कळायचं नाही. डोळ्यांनी बघितल्यावर कळायचं की बदामच्या अठ्ठीमागे इस्पिकची दुर्री उभी आहे. उपाय साधा आहे: लाकडी किंवा प्लॅस्टिकची खाचेची पट्टी मिळते, तीत पानं उभी लावायची. पट्टी दाराच्या चौकटीच्या जुन्या लाकडातून सुताराकडून करून घेतली तरी चालते. वापरण्याआधी डायरेक्टरला दाखवा. मी तरी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. तुमच्या बाबतीत पट्टीचं आणखी एक कारण आहे. उजव्या हाताने पान खेळणारा डाव्या हातात पानं धरतो, आणि तुमच्या काखेतल्या गाठी डाव्या बाजूच्या काढल्यात. तास-तास तो हात अधांतरी धरून सूज ओढवून घेऊ नका. बॅगही त्या खांद्यावर नको. लेट्रोझोलने सकाळी बोटं आखडत असतील तर पहिल्या सत्राच्या अर्धा तास आधी पोचून कोमट पाण्यात हात धरा.

डायरेक्टरला आधीच सांगून कायमची नॉर्थ-साउथ जागा मागा, म्हणजे दर फेरीला पिशवी उचलून टेबल बदलावं लागणार नाही. त्यातही साउथला बसा. नॉर्थच्या गळ्यात स्कोअर भरण्याचं काम असतं. पण जागा कायमची मिळाली म्हणून तीन तास खिळून बसू नका. दर फेरीला उठून दाराबाहेर चार पावलं टाका, पायांतलं रक्त खेळतं राहायला हवं. एसीच्या झोताखालचं टेबल नको. अंगातून अचानक उष्णतेच्या लाटा येत असतील तर उलट दाराजवळचं बरं. आणि स्पर्धेची जागा ठरवताना मी बक्षिसांच्या आधी हे बघायला सांगतो: जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं आडवं व्हायला खोली आहे का? नसेल तर चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हॉटेल घ्या. दुपारच्या सत्रात डोळे मिटायला लावणाऱ्या गोष्टींत आजाराचा वाटा किती आणि बटाटेवड्यांचा किती, हे ठरवणं अवघड असतं.

टेबलावरचं पोस्टमॉर्टेम बंद. बोर्ड संपला, आकडा भरला, पुढचा. आपल्या लोकांना डाव खेळण्यापेक्षा तो कसा खेळायला हवा होता हे सांगण्यात जास्त रस असतो, आणि तुमची तब्येत माहीत असलेला एखादा हळहळत "अहो, पूर्वी तुम्ही हे डोळे मिटून केलं असतंत" असं म्हणून जाईलच. त्याला "संध्याकाळी बोलू" एवढंच. सगळ्या हॉलला आजार सांगत बसायची गरज नाही. डायरेक्टर, पार्टनर आणि संघ, एवढ्यांना माहीत असलं की पुरे.

घरच्यांबद्दल. "पत्ते कुटायला" हा शब्द आपल्याकडे ब्रिजला चिकटलाय तो काही सुटत नाही. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडीत सुवर्णपदक आणलं, बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते. हे मी आमच्या घरी सांगून बघितलंय, फारसा फरक पडला नाही. घरच्यांचा राग पत्त्यांवर नसतोच. तुम्ही पुन्हा आजारी पडाल ही भीती असते, आणि ती वादाने जात नाही. त्यांना तुमचा करार सांगा: दिवसाला दोन सेगमेंट, डॉक्टरांचा होकार, ताप आला तर परत. कुणी बरोबर येत असेल तर येऊ द्या. माणूस सोबत असला की परतीचा निर्णय सोपा होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या दर्जाच्या खेळाडूला माहीत हवी. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, टॅमॉक्सिफेन ही तिन्ही औषधं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या प्रतिबंधित यादीत आहेत, स्पर्धा असो वा नसो. हार्मोनवर परिणाम करणारी औषधं म्हणून ती तिथे आहेत, आणि जागतिक ब्रिज महासंघ वाडाचे नियम पाळतो. हा विनोद नाही: नॉर्वेत जन्मलेला, मोनॅकोकडून खेळणारा गेर हेल्गेमो हा जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक, २०१८ च्या ऑरलँडोच्या जागतिक स्पर्धेतल्या चाचणीत तो अडकला आणि त्याच्यावर बंदी आली. त्याची औषधं वेगळी होती, पण चाचणी आपल्यालाही तीच. जिल्ह्याच्या किंवा क्लबच्या स्पर्धेत याची काळजी करू नका. पण पुढे कधी भारतीय संघाच्या निवड चाचणीला नाव द्यायचं मनात आलं, तर त्याआधी उपचारासाठी औषध घेण्याची रीतसर सूट मिळवावी लागते. डॉक्टरांचं पत्र, निदानाचे कागद जोडून अर्ज करायचा. स्तनाच्या कर्करोगासाठी ही गोळी पाच वर्षं किंवा जास्त चालते, तेव्हा ती फाइल आताच नीट लावून ठेवा. आणि हे वाचून गोळी बंद करायचा विचारही मनात आणू नका.

तुमच्या तारखा बघता मी असं करेन: या आठवड्यात वही सुरू, डॉक्टरांना तो लांबलचक प्रश्न, आणि पार्टनरला फोन की टीम्सपुरतं, सहांचा संघ मिळाला तर. पाच आठवड्यांनी क्लबातलं एक अर्धं सत्र खऱ्या पानांनी. त्या दिवशी बाराव्या बोर्डापर्यंत पाच-तीन-एक म्हणता आलं तर जा. नाही आलं तर संघात सहावं नाव दुसऱ्या कुणाचं घालायला पार्टनरच्या हाती अजून तीन आठवडे राहतात, आणि तुम्हाला हवं असेल तर तुम्ही तिथे एक दिवस नुसतं पार्टनरच्या मागे खुर्ची टाकून बसून येऊ शकता. फक्त बसताना त्याच्याच मागे बसा, चारही हात दिसतील असं फिरू नका. डायरेक्टर हाकलतात, मीही हाकलतो.